ताप लपवून बोटीवर चढू नका, आणि चढवूही नका



सर्दी-तापाची साथ आली की खलाशी गप्प बसतो. कारण साधं आहे, फेरी चुकली की वाटा गेला. मग अंग तापलेलं असलं तरी "काय नाय, जरा कणकण हाय" म्हणत तो चढतो. एकच केबिन, एकच जेवण, शेजारी शेजारी झोपणं. तिसऱ्या दिवशी अर्धी बोट खोकते.

आपल्या नरोलीला दमणगंगा आहे, समुद्र नाही. पण भिलाडमार्गे नारगोळ-उंबरगावचा किनारा लांब नाही. एप्रिल 2020 मध्ये तिथे काय झालं ते आठवा. गुजरातच्या बोटींवरून घरी परतणारे डहाणू-तलासरीकडचे खलाशी बोटींवरच अडकले. गाव समोर दिसतंय, पण उतरता येत नाही. कोण आजारी, कोण धडधाकट, हे धक्क्यावर पटकन सांगणारं तेव्हा काही नव्हतं. रॅपिड अँटिजेन टेस्टला आयसीएमआरने मान्यता दिली ती जून 2020 मध्ये. मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबचं घरी वापरायचं किट मंजूर झालं, तेव्हा किंमत होती 250 रुपये.

आता साधन आहे, तर ते नीट वापरा. दोन्ही नाकपुड्यांत काडी फिरवायची, किटवर सांगितलेले थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. 'सी' आणि 'टी' दोन्ही रेषा आल्या तर पॉझिटिव्ह. 'सी' आलीच नाही तर टेस्ट फुकट गेली, नवीन किट घ्या. किट उन्हात, इंजिनाजवळ ठेवू नका, तारीख बघून घ्या.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ताप आहे आणि टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे परवाना मिळाला असं नाही. ही टेस्ट कधी कधी चुकते, खास करून पहिल्या दिवशी. अशा माणसाला किनाऱ्यावरच ठेवा आणि आरटीपीसीआर करून घ्या. सिल्वासाला सरकारी हॉस्पिटल आहेच, श्वास लागत असेल तर थेट तिथेच न्या.

पण खरा प्रश्न पैशाचा आहे. वाटा बुडणार असेल तर कोण खरं सांगेल? म्हणून आमचं म्हणणं: डिझेल-बर्फासारखंच किट बोटीच्या खर्चात धरा, आणि आजारी म्हणून थांबलेल्याला त्या फेरीचा निदान अर्धा वाटा द्या.

मालक म्हणतील, हा भुर्दंड आम्ही का सोसायचा? हिशोब करा. एका माणसाचा अर्धा वाटा जास्त, की तांडेलासकट सगळे आजारी पडून, डिझेल-बर्फ जाळून, अर्ध्यातून परतलेली बोट?

ठरवायचं असेल तर फेरी सुरू होण्याआधी ठरवा, सगळ्या खलाशांसमोर. मग ताप कुणी लपवणार नाही.