सूचना कामगाराची, नाव कुणाचे?

धुळ्याच्या देवपुरातून अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेली मुले अवधानच्या एमआयडीसीत, नाहीतर थेट पुण्याला नोकरी धरतात. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांनी एवढे तरी पाहावे, की आपल्याला सुचलेल्या सुधारणेवर हक्क कुणाचा? १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम २८ नुसार शोधकर्त्याचे नाव पेटंटवर नोंदवता येते. कर्मचाऱ्याला मोबदला देण्याचे बंधन मात्र त्या कायद्यात नाही. जर्मनीने १९५७ मध्येच स्वतंत्र कायदा करून वाजवी मोबदला हा नोकरदार शोधकाचा हक्क ठरवला.

नाव मागे पडले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या, हंगामामागून हंगाम निवड केली आणि एचएमटी भात दिला. तो अनेक राज्यांत पिकला. श्रेयासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. गौरव झाले, पण २०१८ मध्ये ते गेले ते हलाखीतच. हे संतापजनक आहे.

पेटंटपर्यंत न पोचणाऱ्या सूचनांचे तर काहीच राहत नाही. जळगावच्या डाळ मिलमध्ये तूट कमी करणारी युक्ती फिटर सांगतो आणि अहवालात नाव साहेबाचे लागते! प्रत्येक कारखान्यात तारीख, नाव व सहीसह सूचनांची नोंदवही हवी आणि वाचलेल्या पैशातला वाटा आधीच लेखी ठरलेला हवा. खानदेशातील उद्योजकांनी याची सुरुवात याच वर्षी करावी.