हमी सरकारची, मर्जी बँकेची

कापडाच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट पुरती ओळखून आहोत. गिऱ्हाइकाचा जामीन कितीही वजनदार असो, माल उधार द्यायचा की नाही हे गादीवर बसलेला माणूस ठरवतो. त्याच्या मनात नसेल तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाखो सैनिकांच्या बाबतीत हेच घडले. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो हिशेब जरूर पाहावा.

पहिल्या महायुद्धातील सैनिक १९३२ साली आपला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमले, तेव्हा लष्कर घालून त्यांना हुसकावण्यात आले. तशी नामुष्की पुन्हा नको म्हणून २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो ओळखला जातो. परतलेल्या सैनिकाला शिक्षणाचा खर्च, काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, तेही जास्तीत जास्त ५२ आठवडे, आणि घर, शेती किंवा धंद्याच्या कर्जाला सरकारी हमी मिळणार होती. सुमारे २२ लाख सैनिक कॉलेजात गेले. अमेरिकेचा मध्यमवर्ग वाढला, त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे.

कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नव्हता. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय त्या युद्धात गणवेश घालून उभे राहिले होते, हक्क त्यांचाही होता. पण अंमलबजावणी राज्यांच्या व गावोगावच्या कचेऱ्यांच्या हाती राहिली. संसदेतील संबंधित समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन होते. ते वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते होते आणि त्यांचा आग्रहच तसा होता. शिवाय सरकार स्वतः कर्ज देत नव्हते, फक्त हमी घेत होते. कर्ज बँक देणार, आणि बँकेत बसलेला माणूस त्याच गावचा.

परिणाम काय झाला? १९४७ साली ‘एबनी’ मासिकाने मिसिसिपीतील १३ शहरांची पाहणी केली. हमीची ३,२२९ कर्जे मंजूर झाली होती. त्यांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली फक्त दोन.

या मासिकाचे मालक जॉन जॉन्सन यांची कथाही धंदेवाल्याने ऐकावी. १९४२ साली आईचे फर्निचर तारण ठेवून त्यांनी ५०० डॉलर उभे केले आणि पहिले मासिक काढले. ‘एबनी’ त्यानंतर, १९४५ साली निघाले. ज्याने स्वतः घरचे सामान गहाण ठेवले, त्याच्याच मासिकाने बँकांचे माप काढले.

काही बांधव म्हणतील, आपली बँक काढा, प्रश्न मिटला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी तेही केले. डरहॅम शहरात त्यांची बँक १९०८ पासून चालत होती. परंतु गरीब वस्तीच्या ठेवींवर चालणारी बँक साऱ्या समाजाच्या घरांना आणि धंद्यांना किती पुरी पडणार? आपली संस्था हवीच, पण सरकारी योजनेतला हक्क सोडून देता येत नाही. तिथे १९६८ साली घरांच्या व्यवहारात भेदभाव करण्यास कायद्याने बंदी आली. १९७५ च्या कायद्याने कोणत्या वस्तीत किती गृहकर्जे दिली हे जाहीर करणे बँकांना भाग पडले. मिसिसिपीतली ती मोजणी होऊन तोपर्यंत २८ वर्षे उलटली होती.

व्याजाचा मसला उलमांकडे आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की योजना जाहीर झाली की रक्कम किती एवढेच विचारू नका, मंजुरीची सही कोणाची तेही विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार आला तर तोही लेखी मागा. आपल्या जमातीने किंवा व्यापारी संघटनेने एक वही ठेवावी: अर्ज किती, मंजूर किती. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच. मग आपल्या हक्काचा हिशेब आपण तोंडी का ठेवावा?