वृत्तपत्राचा धनी कोण?

नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक चालवीत असत. 1910 साली त्यांनी सुरू केलेले हे पत्र 1967 साली त्यांच्याबरोबरच संपले. संपादक व मालक एकच असल्यामुळे पत्र कोणाचे, हा प्रश्न त्याच्या वाचकाला कधी पडलाच नाही. आज अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या ह्याच जिल्ह्यात खपणारी अनेक मोठी दैनिके बाहेरगावी मुख्य कचेरी असलेल्या कंपन्यांची आहेत. कंपनी माणसासारखी मरत नाही, हा तिचा मोठा गुण. तथापि तिचे भाग हात बदलतात, आणि त्यांबरोबर पत्राचा धनीही बदलतो.

‘सकाळ’चा इतिहास ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. डॉ. ना. भि. परुळेकर ह्यांनी 1 जानेवारी 1932 रोजी पुण्यात हे दैनिक काढले. पुढे त्याची कंपनी झाली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने 1954 साली शिफारस केली, की बड्या भांडवलापुढे लहान पत्रांचा निभाव लागावा म्हणून पृष्ठसंख्येची किमतीशी सांगड घालावी. त्यानुसार 1956 साली कायदा व 1960 साली हुकूम निघाला. सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत चौतीस पृष्ठे देणाऱ्या ‘सकाळ’ला एक तर पृष्ठे कमी करणे वा किंमत वाढविणे भाग पडणार होते. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. काही वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले. 1961 साली न्यायालयाने कायदा व हुकूम घटनाबाह्य ठरविले. एकाच्या अभिव्यक्तीस चालना देण्यासाठी दुसऱ्याची अभिव्यक्ती सरकारला आखडता येणार नाही, हे त्यातील तत्त्व आम्हांस आजही शिरोधार्य वाटते. इतका लढा देण्याचे बळ कंपनीपाशी होते. एखाद्या खेड्यातील संपादकाला ते कोठून परवडावे?

परंतु गोष्ट येथे संपत नाही. 1973 साली परुळेकर निवर्तले. 1985 साली कंपनीची सूत्रे प्रतापराव पवार ह्यांच्याकडे गेली. भागांच्या हस्तांतरावरून संस्थापकांच्या कन्येने चालविलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2005 साली निकाली निघाला. हा व्यवहार बरा की वाईट, हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे, की सरकारशी झगडा होता तेव्हा वाचक पत्राच्या बाजूने न्यायालयात उभा राहू शकला. मालकी बदलली तेव्हा त्याला उभे राहण्यास जागाच नव्हती. स्वातंत्र्य मिळाले ते पत्राच्या धन्याला. वाचकाच्या वाट्याला आला तो केवळ विश्वास.

हा विश्वास डोळस असावा, म्हणून 1956 च्या नियमांनी एक सोय केली होती. दरवर्षी फेब्रुवारीअखेरीनंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापून, एक टक्क्याहून अधिक भांडवल ज्यांचे, त्यांची नावे द्यावी लागत. पण भागधारक ही दुसरीच एखादी कंपनी असेल, तर त्या नावावरून वाचकाने काय समजावे? 1867 चा जुना कायदा जाऊन मार्च 2024 पासून नवा कायदा अमलात आला आहे. तेव्हा निवेदनाचा केवळ उपचार न राहता कंपनीमागील खरी माणसे व त्यांचे इतर धंदे सोप्या मराठीत सांगितले जावेत, आणि मालकी बदलताच ती वार्ता पहिल्या पृष्ठावर यावी, अशी आमची मागणी आहे. आम्ही स्वतःलाही तीतून वगळत नाही.

मुळा-भंडारदऱ्याचे पाटपाणी, उसाचा भाव, कारखान्याची निवडणूक ह्यांच्या वार्तांवर ह्या जिल्ह्यातील शेतकरी आपली मते बनवितो. वार्ता देणाऱ्याचा त्या व्यवहारात हितसंबंध आहे की नाही, हे जाणण्याचा त्याला हक्क नाही काय? बियाणे घेताना जो पिशवीवरील नाव वाचतो, त्याला वृत्तपत्राचा धनी कोण हेही ठाऊक असले पाहिजे.