खाज थांबली, गजकर्ण वाढलं

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा संकोचाचा आहे. परकराची नाडी आवळते तिथे, छातीखाली, जांघेत उठणारं गजकर्ण. कुणी त्याला नायटा म्हणतं. जळगावचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. गॅसपुढे उभं राहायचं, घाम अंगावरच जिरवायचा, आणि या बुरशीला नेमकं तेवढंच हवं असतं. पण असल्या जागेचं दुखणं डॉक्टरांना दाखवायचं कसं? मग मुलाला दुकानात पिटाळायचं, "खाजेची ट्यूब घेऊन ये."

मीही तेच केलं, म्हणूनच लिहिते आहे. गेल्या वर्षी आखाजीला माझी धाकटी नणंद माहेरी आली. "वहिनी, कंबरेला नुसती आग होतेय हो," म्हणाली. यांना मागे कधीतरी लागू पडलेली एक ट्यूब कपाटात होती, ती मी मोठ्या शहाणपणाने काढून दिली. दोन दिवसांत खाज बंद! आठ दिवसांनी पुन्हा सुरू, पुन्हा ट्यूब. सासरी जाताना ती नवी ट्यूब घेऊनच गेली. दिवाळीत आली तेव्हा चट्टे पोटापाठीवर पसरले होते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लालसर पट्टे उमटले होते, बाळंतपणात पोटावर उमटतात तसे. तिचं तर अजून बाळंतपणही व्हायचंय.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ट्यूब मागितली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि जोडीला क्लोबेटासॉल. हे स्टिरॉइड, तेही जोरकस. ते खाज आणि लाली दाबून टाकतं, पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं. बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाचं ओळखीचं कडं पुसट होतं, त्यामुळे डॉक्टरही फसू शकतात. त्वचा पातळ होते आणि पट्टे पडले की ते पुरते जात नाहीत. बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावंही तशीच ओळखून ठेवा. इसब, सोरायसिस अशा दुखण्यांवर डॉक्टर ती देतात, तो भाग वेगळा. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण चिठ्ठी विचारतं कोण? तान्ह्या मुलाच्या लंगोटाखाली तर असली ट्यूब आपल्या मनाने मुळीच लावू नका. झाकलेल्या जागी औषध अंगात जास्त मुरतं.

बाईंनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दुखलं काहीच नाही. मग स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं. ते चट्ट्यावर आणि कडेबाहेर दोन बोटं लावायचं, डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. पोटात घ्यायच्या गोळ्या देण्याआधी पाळीची तारीख विचारली आणि यकृताची रक्ततपासणी करून घेतली. नणंद लाजली, पण प्रश्न बरोबर होता. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तर या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

गोळ्यांचेही स्वभाव असतात, बरं का. ग्रिसिओफुल्विन जुनी; ती दूध-तुपाच्या जेवणाबरोबर चांगली लागू पडते, पण गर्भनिरोधक गोळ्यांचा गुण कमी करू शकते. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणानंतर. सोबत पित्ताची गोळी घेतली तर ती नीट अंगी लागत नाही, आणि हृदय कमजोर असलेल्याला ती चालत नाही. फ्लुकोनॅझोलमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर वाढून साखर एकदम उतरू शकते. टर्बिनाफिनने क्वचित तोंडाची चव जाते. कुठलीही चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्न नकोसं झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची, साखरेची, कसलीही गोळी चालू असेल ती आधी सांगा.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. बुरशीवरचं हमायसिन हे औषध आपल्या पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं. नावही कारखान्यावरूनच पडलं. आणि आता उलटी गोष्ट ऐका. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या एका बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. त्यातलं 'इंडो' म्हणजे आपणच.

घरच्यांचीही तपासणी झाली, आणि यांच्या जांघेतही तेच निघालं! म्हणजे बुरशी एकीकडून दुसरीकडे फिरत होती. तेव्हापासून टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आतले कपडे गरम पाण्यातून काढून उलटे करून कडक उन्हात घालते. आपल्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग. शिवणींवरून इस्त्री फिरवते. ओलसर परकर मात्र अंगावर वाळवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

नणंदेला चट्टे जायला तीन महिने लागले. पट्टे फिकट झालेत, पण आहेत. या आखाजीला आली तेव्हा तिने आपला टॉवेल बरोबर आणला होता, आणि आमच्या कपाटातल्या सगळ्या ट्यूब पलंगावर ओतून नावं वाचत बसली. चार निघाल्या. त्यातल्या तिघींत स्टिरॉइड होतं.

पुढच्या अंकात कैरीच्या लोणच्यावर येणाऱ्या बुरशीबद्दल. त्याची पत्रं बरीच आली आहेत.