हायलाइट्स, हार्ड वॉटर आणि एसओएम

केस रंगवावेत की रंगवू नयेत, या विषयावर मला काहीही म्हणायचं नाही. म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मेसच्या मावशींपासून ते व्हायवा घ्यायला आलेल्या एक्स्टर्नलपर्यंत! एखादीच्या सोनेरी बटा दोन महिन्यांत केरसुणीच्या टोकासारख्या दिसायला लागल्या की प्रश्न ठरलेला, "कुणी सांगितले होते नसते उद्योग?" विचारणाऱ्याला बरं वाटतं. केस मात्र तुटतच राहतात. मग ती मुलगी पार्लरमध्ये जाते. तिथली ताई गोड आवाजात म्हणते, "काळजी नको गं, सगळं रिपेअर होऊन जाईल." आणि चार आकडी बिल हातात ठेवते.

माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे, पण दुसऱ्याशी जास्त. कारण पहिलं वाक्य फुकट असतं.

हाड मोडलं तर जुळून येतं, कारण ते जिवंत असतं. केस फक्त मुळाशी जिवंत असतो. डोक्याबाहेर जे लोंबतं तो मेलेल्या पेशींचा दोर. त्याला रक्त नाही, नस नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. दोर झिजला की झिजला. त्यावर मेण चोळता येईल, तो कमी ओढता येईल, पण तो स्वतःहून पुन्हा विणला जाणार नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटीमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं आहे. अडीच वर्षं म्हणजे पाच सेमिस्टर! त्या टोकाने तुमची एम-टूची केटी पाहिली आहे, वर्कशॉपमधली धूळ पाहिली आहे आणि दर परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही बोटाभोवती गुंडाळून त्याचा केलेला छळसुद्धा सोसला आहे. त्याच टोकावर पार्लरची ताई ब्लीच लावते.

आता एक गोंधळ मिटवून टाकू. आपल्याकडे "माझे केस पातळ आहेत" या एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. डोक्यावर केसांची संख्या कमी असेल तर ते विरळ. एकेक केसाचा व्यास कमी असेल तर ते बारीक. भरगच्च वेणी असणाऱ्या मुलीचे केस बारीक असू शकतात. तसंच "केस गळतात" आणि "केस तुटतात" हेही वेगळं. कंगव्यातला केस उचलून उजेडात धरा. एका टोकाला पांढरी बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून गळलेला. गाठ नाही आणि तुकडा आखूड आहे, तर तो मध्येच तुटलेला. हायलाइट केलेल्यांच्या बेसिनमध्ये बहुतेक दुसराच प्रकार सापडतो. आणि त्यावर आमच्या मजल्यावर उपाय काय चालतात? बायोटिनच्या गोळ्या, कांद्याचा रस, मुळांना चंपी! तुटतोय मध्ये आणि औषध मुळाला. पुलाचा मधला गर्डर वाकलाय आणि आपण पायात सिमेंट ओततोय, त्यातली गत.

बारीक केस लवकर का तुटतो, हे एसओएम शिकलेल्या कुणालाही सांगता यावं. घाबरू नका, एम-थ्री नाहीये. केराटिनचा तंतू ढोबळमानाने २०० मेगापास्कलला तुटतो असं धरा. केस ८० मायक्रॉन जाडीचा असेल तर तो साधारण १०० ग्रॅम वजन पेलतो. तोच ५० मायक्रॉनचा असेल तर ४० ग्रॅम. जाडी निम्मीसुद्धा झाली नाही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं ना. आणि ताठपणा? तो तर चौथ्या घातावर. (पाय डी रेज टू फोर बाय सिक्स्टी-फोर, आठवतंय का?) म्हणजे बारीक केस साडेसहा पट लवकर वाकतो. म्हणून तो शेजारच्याच्या गळ्यात पडतो, म्हणून गुंता होतो, आणि गुंता सोडवताना तो ४० ग्रॅमवाला केस आपण खसाखसा ओढतो.

हे झालं ब्लीचच्या आधीचं. हायलाइट्सबद्दलचा बराचसा सल्ला ज्यांचे केस मुळातच फिकट असतात अशा बायकांना समोर ठेवून लिहिलेला असतो. आपल्या काळ्या केसात युमेलॅनिन ठासून भरलेलं. ते फिकट करायचं म्हणजे अमोनियासारख्या अल्कलीने केसाचे खवले उघडायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत सोडायचं. काळा केस आधी विटकरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा. नारिंगीवर थांबलं की ताईला आवडत नाही, म्हणून दुसरा हात. या सगळ्या झटापटीत रंगाबरोबर आणखी दोन गोष्टी जातात. एक म्हणजे केसाच्या पृष्ठभागावरचा स्निग्ध पदार्थाचा पातळ थर, ज्यामुळे पाणी केसावरून घरंगळतं. दुसरं म्हणजे केसाला ताकद देणारे गंधकाचे बंध. त्यांचं सिस्टेइक ॲसिड होतं, आणि ही रिअॅक्शन बाटलीतल्या कुठल्याही क्रीमने उलटी फिरत नाही. 'रिपेअर' हा शब्द मला खटकतो तो इथे.

म्हणून पार्लरमध्ये बसल्यावर दोन गोष्टी तोंड उघडून विचारायच्या. डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा? २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. बारीक केसांवर ४० लावायला निघाली तर सरळ उठून या, चहा प्या. आणि दुसऱ्या वेळी जाल तेव्हा ब्लीच फक्त नव्याने वाढलेल्या काळ्या भागावर लावायला सांगा. आधीच ब्लीच झालेल्या लांबीवर पुन्हा ब्लीच, हेच तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण. ताईला घाई असते, ब्रश खालपर्यंत ओढायला तिला सोपा जातो. तिला आरशातून बघत राहायचं.

इथपर्यंत पैशांचं झालं. पुढचं जवळजवळ फुकट आहे आणि तेच कुणी करत नाही.

ब्लीच झालेला केस पाणी भरपूर पितो, फुगतो, आणि ओला असताना थोड्याशा ओढीने खूप ताणला जातो. एका मर्यादेपलीकडे ताणला की मूळ लांबीला परत येत नाही. यील्ड पॉइंट ओलांडला म्हणायचं! आणि आपण नेमकं काय करतो? सकाळी पावणेआठला डोक्यावरून न्हाऊन, टर्किश टॉवेलने केस रगडून, वर ते फटाफट झटकून, आठ वाजता बारीक दातांच्या फणीने विंचरून लेक्चरला पळतो. सिनेमात ओले केस झटकणारी नायिका छान दिसते, पण तिच्या केसांची टेन्साइल टेस्ट कुणी घेतलेली नसते. त्यापेक्षा न्हाण्याआधीच, केस कोरडे असताना, गुंता काढून घ्यावा. टोकापासून सुरुवात करून वर वर जायचं. न्हाल्यावर आजोबांचा असतो तसला सुती पंचा घ्यावा, त्याने केस टिपावे, रगडू नयेत. मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही केस बरेचसे वाळल्यावर.

"बारीक केसांना कंडिशनर लावला की डोकं चप्प बसतं," ही तक्रार खरी आहे, पण ती लावायच्या जागेची आहे. तो टाळूला लावायचाच नाही. कानाच्या खाली, जिथे ब्लीच आहे तिथे लावायचा. गंमत बघा, ब्लीचमुळे केसावर ऋण भार वाढतो, आणि कंडिशनरमधले मुख्य रेणू धन भाराचे असतात. म्हणजे जिथे जास्त खराबी तिथे तो जास्त चिकटतो. इतकं शहाणं उत्पादन साध्या बाटलीत मिळत असताना लोक 'हेअर स्पा'मागे का धावतात, कळत नाही.

पण हाच ऋण भार हॉस्टेलमध्ये आपल्या अंगावर उलटतो. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसुद्धा धन भाराचंच. ते हायलाइट केलेल्या बटांवर जाऊन बसतं, केस राठ होतो, घर्षण वाढतं. तुमच्या बादलीतल्या हीटरच्या कॉइलवरचा पांढरा थर बघा, तसंच काहीसं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पाण्याची हार्डनेस काढली होती, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकून, वाइन रेड ते निळा? बरेट थेंबथेंब सोडताना "याचा आयुष्यात काय उपयोग?" असं निम्म्या बॅचने विचारलं असेल. उपयोग हा! त्यात वापरलेल्या ईडीटीएचेच क्षार कित्येक शाम्पूंच्या बाटलीमागे छापलेले असतात. असला शाम्पू बघून घ्या, आणि शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या आरओ पाण्याचा ओता. (कूलरजवळ रांग असेल तर जाऊ नका, शिव्या खाल.) अंगाचा साबण डोक्याला लावायचा मात्र नाही. तो अल्कधर्मी, त्यात जड पाणी, दोघांचा मिळून चिकट साका तयार होतो.

तेलाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. आई म्हणते तेल हेच औषध, पार्लर म्हणतं तेल बंद. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन खोबरेलामुळे कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतसुद्धा. बाकी दोन तेलांनी तसा फरक पडला नाही. आता ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडची साखळी आखूड आणि सरळ, ती केसाच्या आत शिरते. तेव्हा आईचं बरोबर, फक्त पद्धत बदलायची. धुण्याच्या काही तास आधी, दोन-चार थेंब, लांबीला आणि टोकांना. चंपी नको, बारीक केसांची त्यात जटाच होते. आणि बुधलाभर तेल थापून ते काढायला तीनदा शाम्पू करायचा असेल तर न लावलेलं बरं.

रबर बँडबद्दलही बोलायला हवं. रोज त्याच उंचीवर, तितकीच घट्ट पोनी. तोच बिंदू, रोजचा ताण, वर स्कार्फ आणि हेल्मेटचं घर्षण. फटीगचं याहून सोपं उदाहरण पुस्तकात नसेल. महिन्या-दोन महिन्यांनी डोक्याच्या मागे एका रेषेत आखूड केस उभे राहतात, ते "नवीन उगवलेत" म्हणून आपण खूश होतो! कापडी बँड वापरा, उंची बदला, सैल वेणी घाला. लेथवर मात्र अंबाडा आणि टोपीच. तिथे केसांपेक्षा डोकं महत्त्वाचं.

ड्रायर आणि स्ट्रेटनरबद्दल थोडक्यात. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरवली की आतलं पाणी उकळून वाफेचे फुगे तयार होतात आणि केस स्पंजसारखा पोकळ होतो. मात्र ड्रायर म्हणजे पाप असंही नाही. २०११ च्या एका कोरियन अभ्यासात, १५ सेंटीमीटर अंतरावरून सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरने, खूप वेळ ओल्या राहिलेल्या केसांपेक्षा आतलं नुकसान कमी झालेलं दिसलं.

मला खरी चीड येते ती पुढच्या पायरीची. केस तुटायला लागल्यावर पार्लर 'केराटिन' सुचवतं. नाव असं की वाटावं केसाला प्रोटीन पाजताहेत. प्रत्यक्षात ही केस सरळ करण्याची प्रक्रिया. त्यात बरेचदा फॉर्माल्डिहाइड सोडणारं किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिडचं द्रावण लावून २०० अंशांच्या वर तापलेली इस्त्री फिरवतात. फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. ग्लायऑक्सिलिक ॲसिडच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या तरुणीची केस २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. आणि हे सगळं विकलं जातं ते घाबरलेल्या मुलीला, तिच्याच तुटक्या बटा तिला दाखवून. कुणी सांगितले होते नसते उद्योग, हा प्रश्न विचारायचाच असेल तर इथे विचारा.

शेवटचा मुद्दा फायनल इयरवाल्यांचा. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आठवड्यात "प्रोफेशनल दिसा" अशी सूचना येते आणि मुली रातोरात केस काळे करतात. नोकरी लागली की परत सोनेरी, म्हणजे पुन्हा ब्लीच, आणि ते या वेळी काळा डाय उतरवण्यासाठी, आधीच अर्धमेल्या केसांवर. सी-प्लस-प्लसचं उत्तर बटेच्या रंगावर ठरत असेल तर त्या कंपनीचं काय सांगावं! तरी कुणाला रिस्क नको असेल, हे मी समजू शकते. मग निदान पर्मनंट काळा डाय टाळा. धुण्याबरोबर हळूहळू उतरणारा, अमोनिया आणि पेरॉक्साइड नसलेला रंग मागा. कुठलाही काळा रंग लावण्याआधी ४८ तास कानामागे थेंब लावून बघा, कारण त्यातल्या पीपीडीची ॲलर्जी झाली तर इंटरव्ह्यूला सुजलेल्या डोळ्यांनी जावं लागेल.

आणि कात्रीला घाबरू नका. फाटा फुटलेलं टोक ही क्रॅक आहे, ती वर सरकत जाते. दोन-तीन महिन्यांनी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर छाटलं तर वरचा चांगला भाग वाचतो. एसईच्या गॅदरिंगला केलेले हायलाइट्स, पुन्हा ब्लीच न लावता असे छाटत गेलात, तर पदवीदान समारंभाच्या फोटोपर्यंत आपोआप बरेच कमी झालेले असतील.