जिकडे मीठ, तिकडे पाणी

बालमित्रांनो, आज आधी एक प्रयोग. आईला सांगून बटाट्याच्या दोन सारख्या पातळ चकत्या कापून घ्या. एक चकती साध्या पाण्याच्या वाटीत टाका. दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा आणि दुसरी चकती त्यात सोडा. तासाभराने दोन्ही चकत्या वाकवून पाहा. साध्या पाण्यातली कडक, ताठ! मिठाच्या पाण्यातली मात्र लुळी पडलेली.

असं का झालं? बटाट्याचं काय किंवा तुमचं-आमचं काय, शरीर पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. तो इतका पातळ, की असे सुमारे सव्वा लाख पडदे एकावर एक ठेवले तर कुठे १ मिलिमीटर जाडी होईल! हा पडदा मोठा चोखंदळ बरं का. पाण्याला तो सहज जाऊ देतो. मीठ, साखर यांना मात्र अडवतो. मग पाणी काय करतं? जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे ते जातं. यालाच परासरण म्हणतात. वाटीत मीठ जास्त होतं, म्हणून बटाट्यातलं पाणी बाहेर आलं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तेही याच कारणाने.

आता आपल्या पोटात डोकावू या. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींकडे पाणी ओढून घेणारा पंप नसतो. त्या आधी मीठ आत घेतात आणि मग त्याच्या मागोमाग पाणी येतं. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू इथेच घोटाळा करतात. त्यांच्या विषामुळे पेशी क्षार बाहेर सोडू लागतात आणि पाणीही त्यांच्यामागून बाहेर धावतं. जुलाब थांबत नाहीत. शरीर कोरडं पडतं आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. अशा वेळी नुसतं पाणी पाजून भागत नाही, कारण मिठावाचून ते पुरेसं आत शिरत नाही.

पण गंमत पाहा. पेशीपटलावर एक खास दार असतं. त्यातून मीठ आणि ग्लुकोज, म्हणजे साखरेचं साधं रूप, जोडीनेच आत जातात. १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही जोडी ओळखली. आणि पटकी झाली तरी हे दार चालूच राहतं! म्हणजे रोग्याला मीठ आणि साखर योग्य प्रमाणात पाजली तर दोघं हातात हात घालून आत जाणार आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ.

याची मोठी कसोटी लागली १९७१ साली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. सीमेवरच्या बनगाव इथे पटकीची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे होते डॉ. दिलीप महालनबीस. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बनवून घेतल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. सुई नाही, बाटली नाही! जिथे शंभरांतले तीसएक रोगी दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी म्हणजे याच युक्तीचं सुधारलेलं रूप. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

घरात कुणाला जुलाब लागले तर काय कराल? ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती कालवा. नसेल तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी घ्या. त्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. घोट घोट पाजत राहा. याने जुलाब लगेच थांबत नाहीत, पण गेलेलं पाणी भरून निघतं. डॉक्टरांनाही जरूर दाखवा.

आणि हो, 'चार चमचे जास्त घातले तर लवकर बरं वाटेल' असं कुणी म्हणालं तर त्यांना बटाट्याची लुळी चकती दाखवा! आतड्यात साखर-मीठ जास्त झालं तर तेच उलट शरीरातलं पाणी बाहेर ओढून घेईल. फार गोड सरबतं आणि कोल्ड्रिंक जुलाबात देऊ नयेत, ते याचसाठी.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. लोणच्यात भरपूर मीठ घातलं की ते वर्षभर टिकतं. का बरं? बिचाऱ्या जंतूंनाही पेशीपटल असतं, एवढंच सांगतो. उत्तर तुम्हीच शोधा!