दाण्यांचें गोत्र

ज्या भाषेंत बिब्बा घातला जातो, सुपारी फुटते आणि नोकरीवरून काढतांना हातीं नारळ दिला जातो, त्या भाषेंत इंग्रजींतील 'नट' ह्या चिमुकल्या शब्दास जोड सांपडूं नये, हें नवल होय. 'सुकामेवा' म्हणावें, तर त्यांत बेदाणे व खारीक शिरतात. 'दाणे' म्हणावें, तर आमच्या सांगोल्यास ऐकणारा आधीं विचारतो, "शेंगांचे, कीं डाळिंबाचे?" शास्त्रीय लेखक 'कठीण कवचाचीं फळें' असें लिहितात; पण तें वर्णन झालें, नांव नव्हे. आणि खुद्द 'नट' म्हणावें, तर मराठींत तो रंगभूमीवर तोंड रंगवून उभा राहतो, कारखान्यांत बोल्टाचा सोबती होतो, आणि इंग्रजी बोलींत डोकें फिरलेल्यासही तेंच बिरुद मिळतें. 'पीनट' हा शब्द तर नाटकमंडळीच्या व्यवस्थापकापुढें उच्चारूंच नये. 'पी' आणि 'नट' हीं दोन पदें जवळ आलीं, कीं त्या बिचाऱ्याच्या पोटांत गोळा उठतो!

वनस्पतिशास्त्रज्ञ 'नट' कोणास म्हणतात? ज्या कोरड्या फळाचें कवच टणक असतें, ज्यांत बहुधा एकच बीं असतें, आणि पिकल्यावरही जें आपण होऊन उकलत नाहीं, त्यास. ही व्याख्या फळ्यावर लिहून बाजारांतील मंडळींची परीक्षा घेतली, तर निकाल शोचनीय लागतो. बदाम नापास, कारण आंब्याप्रमाणें तोही कोयीच्या फळांतील गर आहे, वरचा भाग सुकून गळतो म्हणून आपणांस कोय तेवढी दिसते. पिस्ता त्याच कारणानें नापास. नारळही नापास, त्याचा काथ्या हा फळाचा मधला थर, आणि करवंटी ही कोय. काजूची तर तऱ्हाच निराळी. ज्यास आपण फळ म्हणून चोखतों, तें बोंड म्हणजे फुगलेला देंठ. खरें फळ त्याच्या टोकास, ओसरीच्या कडेला बसलेल्या पाहुण्याप्रमाणें, बाहेरच लोंबत असतें. उत्तीर्ण होतात ते चेस्टनट व हेझलनट; पण त्यांचीं नांवें आपल्या स्वयंपाकघराच्या पटावरच नाहींत.

सर्वांत मौजेचा निकाल शेंगदाण्याचा. इंग्रजांनीं त्यास 'पीनट' आणि 'ग्राउंडनट' अशीं दोन नांवें दिलीं, आणि दोन्हींत त्यास 'नट' केलें. वस्तुतः तो तूर, हरभरा, मूग ह्यांचा भाऊबंद, म्हणजे शुद्ध द्विदल. मराठीनें मात्र त्यास 'भुईमूग' म्हटलें. चार अक्षरांत घराणेंही सांगितलें आणि राहण्याचें ठिकाणही! ह्या झाडाचें फूल उमलतें जमिनीवर. फलधारणा झाली, कीं त्यापासून आऱ्या सुटतात, त्या मातींत शिरतात, आणि शेंग अंधारांत धरते. त्याच्या शास्त्रीय नांवांतील 'हायपोजिया' ह्या पदाचा अर्थही 'भूमीखालचा' असाच आहे. पंडितांनीं जें ग्रीक-लॅटिनांत सांगितलें, तें आमच्या कुणब्याच्या तोंडीं सहज आहे. ह्याच शेंगांच्या टरफलांवरून लोकमान्यांच्या बालपणाची जी गोष्ट सांगतात, ती आम्हीं वर्गावर पुष्कळदां सांगितली. परिणाम एवढाच होई, कीं दुसऱ्या दिवशीं बाकाखालीं टरफलांचा ढीग दिसे, आणि तो उचलावयास सांगतांच वर्गांत चाळीस लोकमान्य निघत.

पंढरपूर आमच्या शेजारीं. तेव्हां एकादशीचें माहात्म्य आम्हीं वेगळें सांगावयास नको. त्या दिवशीं डाळी वर्ज्य. मूग चालत नाहीं. परंतु भुईमूग चालतो! 'मूग' हें आडनांव दाराबाहेर ठेवून तो 'दाणे' ह्या नांवानें आंत येतो, आणि भगरीवर आमटी होऊन वाढला जातो. बरें, ह्याची जन्मभूमि कोणती? दक्षिण अमेरिका. कोलंबस 1492 सालीं त्या बाजूस पोंचला, त्यानंतर हा तिकडून निघाला. म्हणून अमरकोशांत त्याचें नांव नाहीं, आणि असणें शक्यही नव्हतें. साबुदाण्याच्या खिचडीकडे ह्या दृष्टीनें पाहावें. साबुदाणा ज्या कंदापासून काढतात तो कसावा, बटाटा, हिरवी मिरची आणि दाणे, हे चौघेही मूळचे अमेरिकेचे रहिवासी. शास्त्रकारांनीं त्यांचा निषेध केला नाहीं, कारण त्यांनीं त्यांस पाहिलेंच नव्हतें. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपली असली, तरी खाणें मात्र परदेशचें आहे.

उलट, ज्यांस आपण परस्परांचे कोणीच समजत नाहीं, ते सगे निघतात. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी आणि बिब्बा हीं सर्व एकाच आम्रकुलांतलीं. म्हणजे चारोळी-पिस्ते घातलेलें आम्रखंड हा सगोत्रांचा मेळावाच म्हणावयाचा. पण त्या पंगतीस बिब्ब्यास कोण बोलावील? अमरकोशानें त्यास 'अरुष्कर', म्हणजे व्रण करणारा, आणि 'अग्निमुखी' अशीं नांवें दिलीं आहेत. त्याच्या न पुसणाऱ्या रसानें परीट कपड्यांवर खुणा करीत, म्हणून इंग्रजींत तो 'मार्किंग नट' झाला. आणि जुळत आलेल्या कामांत मोडता घालणें, ह्यास आपण 'बिब्बा घालणें' म्हणतों. परंतु शालीन काजूच्या कवचांतही तसेंच दाहक तेल असतें, ही गोष्ट काजू सोलणाऱ्या बायांच्या काळवंडलेल्या हातांस विचारावी. आणि तोंड भाजणाऱ्या बिब्ब्याच्या पोटांत जो गोड गर असतो, ती गोडंबी आपण हिवाळ्यांतील लाडवांत घालतों.

सुपारीविषयीं अमरकोश काय म्हणतो, तें पाहून तर आम्हांस हंसूं आवरलें नाहीं. झाडास पूग, क्रमुक अशीं नांवें, आणि फळास नांव 'उद्वेग'! सुपारी फुटली, कीं वधूपित्यास जें लागतें तें हेंच. पूजेंत ती गणपति होऊन बसते. मुंबईच्या वर्तमानपत्रांत 'सुपारी दिली' हे शब्द वाचले, कीं अंगावर कांटा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2004 सालच्या ग्रंथांत नुसती सुपारीही, तंबाखू नसतां, कर्करोगास कारण होते, असें नमूद केलें. तेव्हां जेवणानंतर अडकित्ता शोधणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं सुपारी पूजेच्या तबकांतच राहूं द्यावी. कोशकारांनीं नांवांतच इशारा देऊन ठेवला आहे.

आतां थोडें घरचें. मुलाचें लग्न निघालें, कीं आपण कुल, गोत्र, शाखा पुसतों. त्यांत आम्हांस गैर वाटत नाहीं. पूर्वजांची ओळख असावी. परंतु हल्लीं पुष्कळ घरीं मुलगा परप्रांतींची किंवा परजातीची मुलगी पसंत करून येतो, आणि मग घरांतील एखादे काका बिब्बा घालावयास सरसावतात. अशा काकांस आमची विनंती एवढीच, कीं येत्या एकादशीस दाण्याची आमटी दुसऱ्यांदां मागून घेतांना त्यांनीं तिचें गोत्र जरूर विचारावें. एकाच कुलांत काजूही निपजतो आणि बिब्बाही निपजतो. आणि सातां समुद्रांपलीकडून आलेलें एक झाड आपलीं फळें आमच्याच मातींत खोचतें, इतकें, कीं आज त्यास परकें म्हणणारा वेडा ठरेल. सुनेनें बोलण्यांत थोडा वेगळा हेल आणला, तर तो चार दिवाळ्यांत घरचा होतो. आणि सूनबाईंसही सांगणें आहे, कीं काकांचें कवच फार मनावर घेऊं नये. फोडावयास वेळ लागतो. पण आंत गोडंबी असण्याचा संभव पुष्कळ.

जातां जातां गृहिणींस एक व्यवहाराची गोष्ट. 1960 सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे लाखावर पक्षी अचानक मेले. शोध करतां कळलें, कीं त्यांच्या खाद्यांतील शेंगदाण्याच्या पेंडीस बुरशी लागली होती, आणि त्या बुरशीचें विष त्यांस भोंवलें. हें विष माणसाच्या यकृतासही घातक असून भाजल्यानें पुरतें जात नाहीं. म्हणून दाणे कोरड्या डब्यांत ठेवावे. बुरशीचे, सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे 'कुटांत खपून जातील' म्हणून ठेवूं नयेत, टाकून द्यावे. नुसता खवट दाणा तोंड तेवढें बिघडवितो. आणि तो मूठ संपतांना, अगदीं शेवटींच, दाताखालीं यावयाचा, हा सर्वांचा अनुभव आहे. आमच्या ह्या मुठींतील शेवटचा दाणा तसा निघूं नये, म्हणून येथेंच हात आवरतों.